स्टोक रो: काशीच्या महाराजांनी एका इंग्रजी खेड्याला दिलेली विहीर

आडवाट

नमस्कार मंडळी,

रेडिंगला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, पण घरापासून जेमतेम नऊ-दहा मैलांवर असलेलं हे गाव मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. पाहिल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

गावाचं नाव स्टोक रो. परगणा ऑक्सफर्डशायर, टेम्सकाठच्या हेन्लीपासून पश्चिमेला पाचेक मैल. चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर, बीच नावाच्या झाडांच्या दाट रानात वसलेलं. एकच मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, एक चर्च, एक शाळा, एक दुकान. अशी खेडी इथे पैशाला पासरी. पण रस्त्याच्या कडेला झाडांच्या मधे अचानक एक घुमट दिसतो. कांद्याच्या आकाराचा, निमुळत्या टोकाचा, आपल्याकडे छत्रीवर किंवा दर्ग्यावर असतो तसा. खाली बिडाचे बारीक खांब, लाल आणि सोनेरी रंगात रंगवलेले. आत लोखंडी रहाट, दातेरी चाकं, आणि रहाटाच्या माथ्यावर एक सोनेरी हत्ती. घुमटाखालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं कोरली आहेत, त्यांचा अर्थ असा: हिंदुस्थानातल्या बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली.

मी गाडी थांबवली आणि ती पट्टी दोनदा वाचली. आजवर इंग्रजांनी आपल्याकडे बांधलेलं बरंच पाहिलं होतं, स्टेशनं, पूल, कचेऱ्या. आपल्याकडच्या माणसाने इंग्लंडच्या खेड्यात पाण्याची सोय करून दिली, हे पहिल्यांदाच पाहत होतो.

गोष्ट अशी आहे. स्टोक रोच्या शेजारी इप्सडेन नावाचं गाव आहे, तिथलं रीड घराणं. त्यातला एडवर्ड अँडर्डन रीड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात गेला आणि आयुष्याची तीसेक वर्षं त्याने वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात काढली. १८३१ साली आझमगढ भागात असताना त्याने तिथल्या लोकांसाठी एक विहीर खणवली. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची चांगली ओळख झाली. बोलता बोलता त्याने आपल्या गावाकडची हकीकत सांगितली. चिल्टर्नच्या माथ्यावर पाणी नाही, उन्हाळ्यात डबकी आटतात, आणि एका घरात तर आईने पोराला बडवलं, कारण घरातलं उरलंसुरलं पाणी तो पिऊन गेला होता.

रीड १८६० मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतला. महाराजांच्या मनात दोन गोष्टी राहिल्या होत्या, आझमगढची विहीर आणि मार खाल्लेलं ते पोर. त्यांनी रीडला कळवलं की तुमच्या भागात कुठेतरी विहीर खणायची आहे, जागा तुम्ही निवडा. रीडने आपलं इप्सडेन सोडून माथ्यावरचं स्टोक रो निवडलं, कारण पाण्याचे हाल तिथे जास्त होते.

१० मार्च १८६३ ला काम सुरू झालं. त्या दिवशी इंग्लंडच्या युवराजाचं लग्न होतं. २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावासाठी खुली झाली. रुंदी चार फूट, खोली ३६८ फूट, आणि सगळी हाताने खणलेली. खोलीचा अंदाज येत नसेल तर मुंबईचा राजाबाई टॉवर डोळ्यांपुढे आणा. तो २८० फूट आहे. उंचीच्या हिशोबाने तो अख्खा आत उतरवला तरी वर ८८ फूट उरतात.

खर्च आला ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स. रहाट आणि त्याची यंत्रं जवळच्या वॉलिंगफर्ड गावातल्या वाइल्डर यांच्या कारखान्यात झाली. भरलेली बादली वर यायला सुमारे दहा मिनिटं लागायची. पाणी सगळ्यांना फुकट. विहीर राखणाऱ्यासाठी शेजारीच एक चिमुकलं घर बांधलं, तेही अजून उभं आहे.

कुणी पाहिली आहे का? आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

मंगलाताई

आडवाट, लेख वाचला आणि त्या पोरापाशी थांबले.

माझं माहेर माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आमच्या वस्तीवरचा आड आटला होता, आई दीड कोसावरून पाणी आणायची. एक दिवस माझ्या हातून कळशी कलंडली. सगळी नाही, अर्धी सांडली असेल. आईने माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला की श्वास अडकला. नंतर ती स्वतःच चुलीपुढे बसून रडली आणि ओल्या मातीवर फडकं टाकून ते पिळून म्हशीच्या बादलीत टाकलं. ते फडकं पिळणारे हात मला आज साठीतही दिसतात.

त्या इंग्रज आईला कुणी वाईट म्हणू नये एवढंच सांगायचं आहे. पाणी नसलं की आईचा हात असाच उठतो.

तिरफळ

छान माहिती. पण दुसरी बाजूही मांडावीशी वाटते.

ईश्वरीप्रसाद नारायण सिंह गादीवर आले १८३५ मध्ये. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांच्या बाजूने ठाम उभे राहिले. रीड त्या काळात आग्र्यात होता, आणि सप्टेंबर १८५७ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन वारल्यावर काही काळ प्रांताचा कारभार त्याच्याच हाती आला. म्हणजे हे दोन सामान्य मित्र नव्हते. एक राज्यकर्ता, दुसरा त्याच्या मर्जीतला मोठा जमीनदार. बनारस त्या वेळी पूर्ण संस्थानही नव्हतं, तो दर्जा १९११ साली मिळाला. उद्घाटनाला राणीचा वाढदिवस निवडला यातच सगळं आलं.

आणि मुख्य मुद्दा. १८६०-६१ मध्ये आग्रा-दिल्लीच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी ऑक्सफर्डशायरमध्ये विहीर. ते साडेतीनशे पौंड शेवटी तिकडच्या रयतेच्या साऱ्यातूनच आले ना? आपण कौतुक करताना हे विसरू नये असं मनापासून वाटतं.

खडकपारखी

मी भूजलात काम करतो, तेव्हा माझ्या हद्दीतलं थोडं लिहितो.

टेकडीवर पाऊस भरपूर पडतो, तरी पाणी का नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. कारण चिल्टर्न म्हणजे खडूचा डोंगर. आपण फळ्यावर लिहायचो त्याच जातीचा पांढरा, सच्छिद्र खडक, शेकडो फूट जाडीचा. पाऊस पडला की पाणी त्यातून झिरपत थेट खाली जातं. माथ्यावर ओढा नाही, नाला नाही. खडूवर कुठे कुठे चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, त्यावर डबकी साठतात, तेवढाच काय तो आधार. खालच्या दरीतल्या गावांना झरे मिळतात. माथ्यावरच्या माणसाला मात्र दरीच्या पातळीइतकं खोल गेल्याशिवाय पाण्याचा थेंब दिसत नाही. म्हणून ३६८ फूट.

आपल्या दख्खनशी ताडून पाहा. आपला काळा पाषाण घट्ट, पाणी असतं ते भेगांमध्ये आणि मुरमात. म्हणून आपली विहीर ऐसपैस, चाळीस-पन्नास फूट खोल, सुरुंग लावून फोडलेली. भेग जितकी जास्त उघडी पडेल तितकं बरं. खडूत तसं नसतं. खडक मऊ, कुदळीने निघतो, सुरुंगाची गरज नाही आणि तो सहसा ढासळतही नाही. रुंदी फक्त माणूस वाकून कुदळ मारू शकेल एवढी. चार फूट म्हणजे दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतात.

आता त्या रुंदीत शंभर मीटर खाली बसून खणण्याची कल्पना करा. वर आभाळ नाण्याएवढं. उजेडाला मेणबत्ती, आणि तीच हवेची राखणदार. तिची ज्योत मंदावली की हवा बिघडली, वर ओढायची खूण करायची. निघालेला प्रत्येक टोपलीभर खडू दोराने वर. वरून एक गारगोटी निसटली तरी खालच्या माणसाचं डोकं फुटायचं. आपल्याकडे वडार मंडळींनी पिढ्यान्पिढ्या हेच केलं आहे. घुमटाच्या पट्टीवर महाराजांचं नाव आहे, ते असावंच. खणणाऱ्यांचंही असायला हवं होतं.

आडवाट

मंगलाताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. परवाच्या फेरीत तिथल्या माहितीत एक गोष्ट कळली, ती तुमच्यासाठीच लिहितो. विहिरीच्या आधी या भागात धुण्याचं पाणी एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. एकीचं धुणं झालं की तेच पाणी शेजारणीला.

तिरफळ, तुम्ही मांडलेलं सगळं खरं आहे आणि मला ते पटतं. महाराज इंग्रजांचे निष्ठावंत होते यात वाद नाही. मात्र मला एक वेगळं दिसतं. निष्ठाच दाखवायची असती तर लंडनमध्ये चौकात काहीतरी उभारता आलं असतं, जिथे दरबारी लोकांची नजर पडेल. रानातल्या मजुरांच्या गावात, जिथे वजनदार माणूस फिरकतही नाही, तिथे विहीर का? स्वतः महाराज ती पाहायलाही कधी आले नाहीत. मला वाटतं, विहीर खणून देणं हे काशीच्या माणसाला मुळातच समजणारं पुण्य होतं. रीडने आझमगढला खणली, ते ऋण त्याच नाण्यात फेडलं.

खडकपारखी, मेणबत्तीचं वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद.

शेवंता

आडवाट, लंडनच्या चौकाचं म्हणालात म्हणून सांगते, तसंही एक उदाहरण आहे, आणि ते थेट मुंबईचं! रीजंट्स पार्कमध्ये एक दगडी पाणपोई आहे, १८६९ सालची. ती दिली मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. इंग्रजी राज्यात पारशी समाजाला संरक्षण मिळालं, त्याबद्दलची कृतज्ञता म्हणून. मी लंडनला शिकायला होते तेव्हा रोज तिच्यावरून जायचे. थंडीत हातमोजे काढून तिच्या दगडाला हात लावायचे, घरची कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं.

त्या काळात तिकडे फुकट स्वच्छ पाण्याची मोठी चळवळच होती. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली ती एका पंपाच्या पाण्यामुळे, हे जॉन स्नो या डॉक्टरने दाखवलं. १८५९ मध्ये लंडनमध्ये पाणपोया उभारणारी संस्था निघाली. म्हणजे पाणी फुकट मिळालं पाहिजे, चांगलं मिळालं पाहिजे, हा विषय तेव्हा तिथेही घराघरात होता.

काशी आणि विहिरी म्हटलं की आपल्याला अहिल्याबाईंची आठवण येणारच. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० मध्ये त्यांनीच बांधवलं, आणि देशभर घाट, बारवा, पाणपोया. महेश्वरात बसून काशीत, सोमनाथात, कुठे कुठे. आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर पाण्याची सोय करणं ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नव्हती.

तिरफळ

शेवंताताई, अहिल्याबाईंचा मुद्दा मान्य. हद्दीबाहेरचं दान ही जुनी रीत आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. साऱ्याचा प्रश्न मात्र मी सोडत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

रानजाई

मी हेन्लीत राहते, स्टोक रोला वरचेवर जाणं होतं. विहिरीबद्दल सगळे लिहीत आहेत, गावाच्या बाकीच्या खुणांबद्दलही लिहिते, कारण हे गाव विहिरीपुरतं नाही.

चर्च आहे सेंट जॉनचं, १८४६ मधलं. म्हणजे इंग्लंडच्या मानाने अगदी अलीकडचं. भिंती गारगोटीच्या, वर खडकपारखी म्हणाले त्याच खडूतल्या गारगोट्या. जवळून पाहिल्या तर प्रत्येक गारगोटी बाहेरून पांढरट आणि फोडलेल्या अंगाने काळीभोर, काचेसारखी. पाऊस पडून गेला की भिंत चमकते. इतक्या उशिरा चर्च का? कारण पूर्वी हे स्वतंत्र गावच नव्हतं. खाली टेम्सकाठच्या गावांच्या हद्दी लांबट पट्ट्यांसारख्या टेकडीवर चढत यायच्या: नदीकाठची कुरणं, मधे शेतं, वर रान. स्टोक रो म्हणजे त्या पट्ट्यांची वरची टोकं.

रान हाच गावाचा पोटापाण्याचा धंदा. बीचचं लाकूड फाडून खुर्च्यांचे पाय, ब्रशांच्या पाठी, आणि तंबूच्या खुंट्या. हो, तंबूच्या खुंट्या! महायुद्धांच्या काळात सैन्याला लागणाऱ्या खुंट्या इथल्या रानात माणसं हाताने तासायची. ब्रशांचा कारखानाही गावात बरीच वर्षं होता.

खानावळी म्हणाल तर दोन जुन्या, चेरी ट्री आणि क्रुकेड बिलेट. दुसरी गावाच्या टोकाला, रानात लपलेली. बुटक्या दाराची, आत मोठी चूल. वाट विचारल्याशिवाय सापडत नाही.

आणि चेरीची बाग! आडवाट, ती राहिली तुमच्याकडून. विहिरीबरोबरच रीडने शेजारी चेरीची बाग लावली. चेरी विकून जे पैसे येतील त्यातून विहिरीची डागडुजी व्हावी ही कल्पना. बागेचं नाव ठेवलं ईश्री बाग, महाराजांच्या नावावरून. शेजारी माशाच्या आकाराचं छोटं तळं. मार्च-एप्रिलमध्ये झाडं बहरलेली असताना जा.

आडवाट

रानजाई, बाग मी पाहिली पण तिचा अर्थ कळला नव्हता! विहिरीला स्वतःचं उत्पन्न लावून द्यायचं, म्हणजे आपल्याकडे देवळाला जमीन लावून देतात तसंच. माझ्या आजोळी गावच्या मारुतीला दोन बिघे होते, त्याच्या धान्यातून दिवाबत्ती चालायची. पाणी फुकट ठेवायचं तर डागडुजीचा पैसा कुठून तरी यायला हवा, याचा विचार रीडने पहिल्या दिवसापासून केला होता. त्याच्याबद्दलचा माझा आदर यामुळे जास्त वाढला.

येता येता मी इप्सडेनलाही गेलो होतो. तिथे शेताच्या बांधाजवळ एक उंच दगडी खूण उभी आहे. एडवर्डचा भाऊ जॉन थर्लो रीड, तोही कंपनीच्या नोकरीत, १८२७ मध्ये सहारनपूरजवळ वारला. त्याची बातमी इथे पोचायला काही महिने लागले असणार. एडवर्डने त्याच्यासाठी हा दगड उभारला. लोक सांगतात की मुलगा तिकडे वारला त्याच सुमारास आईला तो इथे रानात दिसला होता. खरंखोटं आईला ठाऊक. मी मात्र तिथे उभा राहून विचार करत होतो की एकाच घरातले दोन मुलगे हिंदुस्थानात गेले, एक परत आला नाही, आणि जो आला त्याच्यामागून विहीर आली.

दगडूमामा

उत्तम धागा. एक शंका. ती विहीर आज चालू आहे का? पाणी आहे का?

रानजाई

दगडूमामा, सुमारे सत्तर वर्षं गाव तिच्यावर जगलं. मग नळ आले आणि वापर थांबला. १९६४ मध्ये शंभरी साजरी झाली, तेव्हा राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप आले होते आणि गंगेचं पाणी आणून विहिरीच्या पाण्यात मिसळलं होतं. त्याआधी १९६१ मध्ये राणी बनारसला गेली होती, तेव्हा तिला या विहिरीची छोटी प्रतिकृती भेट दिली होती. पुढे डागडुजी करून रंग दिला. विहीर आणि बाग एक विश्वस्त मंडळ सांभाळतं, पाहायला पैसे पडत नाहीत.

मंगलाताई

गंगेचं पाणी मिसळलं हे वाचून डोळे भरले. मी काही आता तिकडे येणार नाही. आडवाट, तुम्ही परत गेलात तर माझ्या वतीने एकदा त्या रहाटाला हात लावा.

आडवाट

मंगलाताई, गेलो होतो. आई सध्या आमच्याकडे आली आहे, तिला घेऊन गेलो. तिने आयुष्याची पंचवीस वर्षं आडाचं पाणी शेंदलं आहे, तेव्हा तुमच्या वतीने तिनेच हात लावला. खांबाला टेकून ती बराच वेळ रहाटाकडे बघत होती. चाक कुठलं, दोर कसा गुंडाळत असेल, खाली जाणारी बादली वर येणारीला वजन देते का, असं सगळं विचारलं. मग म्हणाली, एका बादलीला किती वेळ? मी म्हटलं, दहा मिनिटं. तिचा विश्वास बसेना. आमच्या आडावर पोहरा सोडला आणि ओढला, हाताला चटका बसेपर्यंत वर.

म्हटलं, चल बघू. मोबाइलवर दहा मिनिटं लावली आणि दोघं तिथेच थांबलो. दोन गाड्या गेल्या. एक बाई कुत्र्याला घेऊन आली, आमच्याकडे बघून हसली आणि रानाकडे वळली. आई पदर सावरून उभीच होती. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तिने वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. वारा सुटला होता, बीचची पानं सळसळत होती. मी दोनदा म्हटलं, पुरे का, तर मान हलवून नको म्हणाली. शेवटी मोबाइल वाजला.

"आली बघ एक बादली," आई म्हणाली. "घरात माणसं किती होती म्हणालास?"